चांदीपुऱ्याचा ताप

१९६५ साली नागपुरात तापाची साथ आली. ताप दोन-चार दिवसांत उतरायचा, पण गुडघे, मनगटं, घोटे असे आखडायचे की बाजेवरून उठताना दुसऱ्याचा हात धरावा लागे. चिकुनगुनिया हे नाव तेव्हा इथं कुणी ऐकलेलं नव्हतं. १९६३ साली हा आजार कलकत्त्यात दिसला, पुढच्या वर्षी मद्रासेत, आणि तिसऱ्या वर्षी देशाच्या मध्यावरच्या या शहरात येऊन पोचला. उन्हाळ्याच्या धास्तीनं रांजण, हौद, टाक्या भरून ठेवणाऱ्या गावात हा आजार पसरवणाऱ्या एडिस डासाला कशाची वाण पडणार!

साथीचा माग काढायला पुण्याहून विषाणू संशोधन केंद्राची माणसं आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली हे केंद्र उभं केलं होतं. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतो. नागपूरला येईपर्यंत या मंडळींच्या गाठीशी एक मोठा अनुभव जमा झाला होता. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणारी माणसं तापानं फणफणली, तेव्हा त्या तापाचा विषाणू याच केंद्रानं शोधला होता. माकड, गोचीड, जंगलात चरायला जाणारी गुरं आणि माणूस अशी ती साखळी होती. जनावराचा आजार, त्याच्या अंगावरचा किडा आणि माणसाचा ताप हे एकाच नजरेनं पाहायला हवं, हे या केंद्राला फार लवकर कळलं होतं. पुढची हकीगत वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण नेमकं तेच नागपूरच्या बाबतीत अर्धवट राहिलं.

नागपूरच्या रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा अपेक्षेप्रमाणे चिकुनगुनिया निघाला, डेंगीही निघाला. दोन रुग्णांच्या रक्तात मात्र या दोन्हींशी न जुळणारा विषाणू सापडला. प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशी तो भराभर मारत होता. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूला तो जिथं सापडला त्या जागेचं नाव द्यायची तेव्हा पद्धत होती. म्हणून नागपूरच्या चांदीपुरा या वस्तीचं नाव त्याला मिळालं. पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या दोघांनी १९६७ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये त्याची ओळख जगाला करून दिली. नमुन्याचा क्रमांक होता ६५३५१४. आजही या विषाणूवर काम करणारे जगातले संशोधक हा आकडा ओळखतात. नागपूरकराला तो माहीत असण्याचं काही कारणच पडलेलं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

हा विषाणू कोणत्या घरातला, हे समजायला फार वेळ लागला नाही. दिसायला बंदुकीच्या गोळीसारखा, एक टोक गोल आणि दुसरं सपाट. कुत्रा पिसाळतो तो रेबीजचा विषाणू याच कुळातला. त्याहून जवळचं नातं आहे ते गुराढोरांच्या एका आजाराशी. अमेरिका खंडात गाई, घोडे, डुकरं यांच्या तोंडात, सडांवर, खुरांजवळ फोड उठवणारा एक आजार आहे. जनावर लाळ गाळतं, चारा सोडतं, लंगडतं. आपल्याकडच्या शेतकऱ्यानं ते जनावर पाहिलं तर तो लाळ-खुरकूतच म्हणेल, इतकं साम्य. तिथल्या पशुवैद्यांना आणि गुराख्यांनाही तो कधीमधी लागतो आणि फ्लूसारखा ताप देऊन जातो. चांदीपुऱ्याचा विषाणू त्याचा चुलतभाऊ. म्हणजे त्याच्या जातकुळीतच गोठा होता.

पण तेव्हाच्या कागदपत्रांत तो साध्या तापाचा विषाणू म्हणून नोंदला गेला, आणि साध्या तापाची फिकीर कोण करतो?

त्याला वाहून नेणारा किडा मात्र लवकरच सापडला. औरंगाबाद भागातल्या वाळूमाश्यांमधून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तोच विषाणू वेगळा केला आणि १९७० साली ते प्रसिद्ध झालं. या माशीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्या राहणीवर उभी आहे.

वाळूमाशी डासाच्या एकतृतीयांशही नसते. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, अंगावर बारीक लव, बसली की पंख उभे उघडे ठेवणारी. मच्छरदाणीच्या साध्या जाळीतून ती आत येते. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावली तरच कळतं. उडते म्हणणंही जरा जास्तच होईल, कारण ती छोट्या छोट्या उड्या मारत जमिनीलगत सरकते. रक्त पिते ती फक्त मादी, संध्याकाळी आणि रात्री. दिवसा तिला अंधार आणि गारवा हवा असतो. मातीच्या भिंतीतल्या भेगा, विटांमधल्या फटी, लाकडांच्या ढिगाऱ्याखालची जागा, गोठ्यातले कोपरे इथं ती दडते. डासाला अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं, हिला पाणी लागत नाही. हिला लागते ओलसर माती आणि तिच्यात कुजणारं काहीतरी. शेण, गवताचा काडीकचरा, जनावराच्या मुतानं भिजलेली जमीन. अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना जातो, आणि तो सगळा काळ अळी त्या मातीत, कुणाच्या नजरेस न पडता, खात-वाढत असते.

आता विदर्भातलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. मातीची किंवा कुडाची भिंत, सणासुदीला पोतारलेली. आतली जमीन शेणानं सारवलेली. आणि घराची आणि गोठ्याची भिंत एकच. गरीब माणसाच्या घरी तर तीही नसते. एका छपराखाली इकडे माणसं, तिकडे बैलजोडी आणि दोन शेळ्या. ही काही अडाणीपणाची खूण नव्हे. ढोरं हीच घरातली सगळ्यात मोठी ठेव. रात्री त्यांचा हंबरडा ऐकू यायला हवा, चोर आला, बिबट्या आला तर जाग यायला हवी. पावसाळ्याच्या तोंडावर, उन्हाळ्यानं तडकलेल्या त्या भिंतीत भेगा पडलेल्या असतात आणि पहिल्या सरींनी जमीन ओलावते. वाळूमाशीला यापरतं काय हवं? चांदीपुऱ्याचा हंगाम जून ते सप्टेंबर असतो, त्याचं कारण या भिंतीत आहे.

गोठ्याची भूमिका दुहेरी आहे. काही जातींच्या वाळूमाश्यांना माणसापेक्षा गाईचं रक्त जास्त आवडतं. त्यामुळे दारात जनावर असलं की बरेच चावे त्याच्या वाट्याला जातात आणि माणूस तेवढा वाचतो. पण त्याच रक्तावर माशी पोसते, अंडी घालते, आणि शेणमुतानं भिजलेल्या जमिनीत तिची पिलावळ वाढते. एका हातानं गोठा माणसाला आडोसा देतो आणि दुसऱ्या हातानं माश्या वाढवतो. गाईला दोष देऊन किंवा गाईला देव म्हणून हा प्रश्न सुटणारा नाही.

एक वेळ अशी होती की वाळूमाशी जवळपास दिसेनाशी झाली होती. मलेरियासाठी घराघरांत डीडीटी फवारली जाऊ लागली, तेव्हा डासांबरोबर भिंतीवर बसणाऱ्या वाळूमाश्याही मेल्या. बिहार-बंगालमध्ये त्यांच्यामुळे होणारा काळा आजार एकदम ओसरला. मलेरिया आटोक्यात आला असं वाटून फवारणी सैल पडली आणि १९७० च्या दशकात काळा आजार पुन्हा उसळला. चांदीपुऱ्याचा विषाणूही याच काळात प्रयोगशाळांच्या कपाटांत गेला. १९८० साली मध्य प्रदेशात मेंदूज्वर झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात तो सापडला. हा साध्या तापाचा विषाणू मेंदूपर्यंत जातो, असा तो स्पष्ट इशारा होता. १९८३ साली अमेरिकेत टेश आणि मोदी या संशोधकांनी दाखवलं की वाळूमाशीची मादी आपल्या अंड्यांमार्फतही हा विषाणू पुढच्या पिढीला देते. म्हणजे मध्ये आजारी माणूस किंवा जनावर नसलं, तरी तो भिंतीच्या भेगेत तग धरून राहू शकतो. ही दोन्ही निरीक्षणं छापून आली, आणि तिथंच राहिली. या विषाणूवर देशभर पाळत ठेवावी असं कुणाला वाटलं नाही.

मग २००३ चा पावसाळा आला.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या करीमनगर, वरंगळ या भागांत मुलं पटापट दगावू लागली. संध्याकाळपर्यंत खेळणारं पोर, रात्री ताप, पहाटे झटके, दुपारपर्यंत बेशुद्ध. विदर्भातही तशीच मुलं नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत येऊ लागली. आधी संशय गेला जपानी मेंदूज्वरावर. त्याची साखळी आपल्या ओळखीची आहे, डुक्कर, बगळा, भातशेतीतला डास. पण नमुने जुळेनात. काही बालरोगतज्ज्ञांना तर हा विषाणूचा आजारच वाटेना. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर घाला पडतोय असं त्यांनी मांडलं, आणि त्यावर जाहीर वाद झाला. पुण्यात त्या नमुन्यांतला विषाणू पेशींवर वाढवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गोळीच्या आकाराचे कण दिसले. चांदीपुरा! 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली जो अहवाल आला त्यात आंध्रातल्या ३२९ बाधित मुलांपैकी १८३ दगावल्याची नोंद आहे. दर दोन मुलांमागे एकाहून जास्त.

विषाणू बदलून जहाल झाला का, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. त्याचं उत्तर शोधायला नागपूरचा तो जुना नमुना, ६५३५१४, बाहेर काढावा लागला. २००३ च्या विषाणूची जनुकं त्याच्याशी ताडून पाहिली, तेव्हा ती पंचाण्णव टक्क्यांहून अधिक जुळली. काही ठिकाणी फरक होता, पण हा कुणी नवखा नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी नागपुरात पकडलेलाच हा विषाणू होता. त्या अडतीस वर्षांत खेड्यापाड्यांत किती मुलं 'डोक्यात ताप गेला' म्हणून पुरली गेली असतील, त्यांचं रक्त कधी कुणी काढलं नाही. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आंध्रात जनावरांचंही रक्त तपासलं गेलं. करीमनगर आणि वरंगळमधली डुकरं, म्हशी, गाई, शेळ्या, मेंढ्या, सगळ्यांच्या रक्तात या विषाणूशी लढलेली प्रतिपिंडं सापडली. ही जनावरं आजारी नव्हती. दूध देत होती, औताला जात होती. पण माशी त्यांनाही चावली होती आणि विषाणू त्यांच्याही अंगात शिरून गेला होता. या पुराव्याकडे मी गुन्हेगार ठरवण्यासाठी पाहत नाही, पहाऱ्यासाठी पाहतो. मूल आजारी पडण्याआधी त्या गावातल्या शेळीचं रक्त बोलू शकतं. पण शेळीचं रक्त काढणारा माणूस पशुसंवर्धन खात्याचा, मुलाचं रक्त काढणारा आरोग्य खात्याचा, आणि भिंतीवर औषध फवारणारा हिवताप विभागाचा. तिघांच्या नोंदवह्या वेगळ्या, तिघांचे साहेब वेगळे.

नागपुरात तर हे वेगळेपण शहराच्या नकाशावर दिसतं. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. मेडिकल कॉलेज १९४७ चं, शहराच्या दुसऱ्या अंगाला. दोन्हीकडे चांगली, तळमळीची माणसं होऊन गेली, आजही आहेत. पण खेड्यातला शेतकरी आजारी गोऱ्हा एका दाराशी नेतो आणि तापलेलं पोर दुसऱ्या. दोन्ही दारांतल्या डॉक्टरांनी एकमेकांना फोन करावा अशी सोय आपण कित्येक वर्षं केलीच नाही. वारंवार गाभडणाऱ्या गाईचं दूध न उकळता पिणाऱ्या घरातला कर्ता पुरुष महिनोन्‌महिने अंगदुखी आणि येत्या-जात्या तापानं झुरतो, त्याला ब्रुसेलोसिस असतो आणि औषध मात्र मलेरियाचं चालू असतं. हेही त्याच तुटलेपणाचं फळ आहे.

याच शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड मूर्ती, इतवारीच्या गल्ल्यांतून वाहणारी माणसं, आणि सगळी रोगराई, सगळी पीडा सोबत घेऊन जा असं मारबतीला ओरडून सांगणं. सव्वाशेहून अधिक वर्षं हे चाललं आहे. आदल्या दिवशी बैलाला सजवून पुरणपोळी खाऊ घालायची आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेर आजार नेऊन जाळायचा. जनावराचं आरोग्य आणि माणसाचं आरोग्य हे दोन दिवस या लोकांनी एकमेकांना चिकटवून ठेवले. पोळा येतो तोही चांदीपुऱ्याच्या हंगामातच.

२००७ चा पोळा असाच गेला. त्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात नागपूर विभागात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, मेंदूज्वराच्या ७८ बालरुग्णांची नोंद झाली आणि त्यातली जवळपास ४४ टक्के दगावली. निम्म्या रुग्णांत चांदीपुरा सिद्ध झाला. सगळ्यांना ताप होता, बहुतेकांना झटके, कित्येकांना उलट्या, काहींना हगवण. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरला, अशा प्रवासातच या आजाराचे मोलाचे तास संपतात. यावर लस नाही, नेमकं औषध नाही. झटके थांबवायचे, मेंदूची सूज उतरवायची, श्वास चालू ठेवायचा, एवढंच डॉक्टरच्या हाती. मोठी माणसं या आजारातून सुटतात, कारण लहानपणीच माशी चावून चावून त्यांच्या अंगात प्रतिकार तयार झालेला असतो. त्याच छपराखाली बाप निर्धास्त आणि पाच वर्षांचं लेकरू उघडं, अशी ही विचित्र वाटणी आहे.

पुढे नागपूर परिसरातल्या वाळूमाश्या पकडून तपासल्या गेल्या आणि २०१४ साली त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. सर्जेंटोमायिया नावाच्या गटातल्या वाळूमाश्यांतही हा विषाणू मिळाला. ही माशी मुख्यतः पाली-सरड्यांचं रक्त पिणारी समजली जाते. जवळपास पन्नास वर्षांनी चांदीपुरा ज्या शहरात पहिल्यांदा पकडला त्याच शहराच्या आसपास पुन्हा हाती लागला, आणि आपण आखलेल्या माशी, गुरं, माणूस या वर्तुळाच्या बाहेरही त्याचे पाय पसरलेले असू शकतात हे दिसलं.

असा वर्तुळाबाहेर पडणारा विषाणू चांदीपुऱ्याचाच असतो असं नाही. याच नागपुरात २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. जानेवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं, बर्ड फ्लू. कोंबड्यांचा विषाणू वाघापर्यंत पोचला, बहुधा त्यांना खायला घातलेल्या मांसातून. राज्यभरातल्या प्राणिसंग्रहालयांना इशारे गेले. वाघ मेल्यावर ती बातमी देशभर गेली. भंडाऱ्याच्या खेड्यातलं पोर मेलं तर जिल्हा पानावर चार ओळी येतात. तरीही त्या वाघांनी एक काम केलं. कोंबडीचा आजार फक्त कोंबडीवाल्याचा नसतो, हे शहरातल्या माणसाला एका बातमीत समजलं.

त्याआधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची कोनशिला बसली होती. माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकाच छताखाली अभ्यासायचं, खर्च ११० कोटींच्या वर. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं लोकार्पण झालं, वंदे भारत धावली, एम्सचं उद्‌घाटन झालं. लोकांना तो दिवस महामार्गासाठी आठवतो. मला मात्र त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम ती कोनशिला वाटते, आणि ती नागपुरात बसली याचा मनापासून आनंद आहे. साठ वर्षांपूर्वी इथं पुण्याच्या पथकाला जे अर्धं सोडून जावं लागलं, ते पुरं करण्याची जागा हीच.

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत साबरकांठ्याकडून पुन्हा तशाच बातम्या येऊ लागल्या. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू, आणि ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध. जागतिक आरोग्य संघटनेनं ही वीस वर्षांतली सर्वात मोठी साथ म्हटली. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगाव कच्च्या घरांच्या भिंतींतल्या भेगांत आणि गोठ्यांत मॅलेथिऑनची पूड टाकायला घेतली. काळ्या आजाराच्या मोहिमेत फवारणीचा नियम ठरलेला आहे. जमिनीपासून सहा फुटांपर्यंत मारायची, कारण वाळूमाशी त्याच्या वर फारशी जात नाही. त्या सहा फुटांत मूल झोपतं ती भिंतही येते आणि पलीकडे बैल बांधलेला असतो तीही.